सरकलेली वाळू

८ फेब्रुवारी

भावोजी,

आज पाणी चांगलं आहे. कमरेएवढी लाट, मतलई वारा जमिनीकडून हलकेच सुटलाय, त्यामुळे लाट पडायच्या आधी जरा थांबते, विचार केल्यासारखी. भरती अर्ध्यावर येईपर्यंत असंच राहील. मग दहा-अकराला खारा वारा उलटा वाहायला लागला की सगळं खवळून जाईल.

पत्राची सुरुवात तब्येतीने करायची असते हे मला कळतं. पण या घरात तोंड धुवायच्या आधी पाण्याचं विचारतात, ती सवय तुमचीही गेली नसेल. का गेली? तुमच्या त्या यंत्राने लाटा काढणाऱ्या तलावात विचारायचं कारणच नाही म्हणा. तिथे पाणी रोज सारखं.

तुमचा फोन लागत नाही. नंबर बदलला असणार. तलावाच्या जाहिरातीवर पत्ता असतो, तोच पाकिटावर घालते. पोचलं तर वाचा, नाही वाचलंत तरी मी काही विचारायला येणार नाही.

हे बरे आहेत. दोन्ही वेळा जेवतात, सकाळी शेडमध्ये जाऊन सर्फिंगच्या बोर्डांना मेण घासतात. कधी तेच बोर्ड दुपारी पुन्हा घासतात. मधून मधून तुमची आठवण काढतात. परवा म्हणाले, "धाकट्याला हाक मार, भरती अर्ध्यावर आली." मी म्हटलं, "तो बाहेर गेलाय." अगदीच खोटं नाही. माणूस सात वर्षं बाहेर गेला तरी तो बाहेरच.

वाळूचं मात्र वाईट आहे. वरच्या अंगाला बंदराची दगडी भिंत झाल्यापासून आपल्याकडे वाळू येतच नाही. समोरचा दांडा, जिच्यावर तुम्ही दोघं वाढलात ती पाण्याखालची वाळू, दक्षिणेकडे सरकत सरकत आता अर्धाही उरला नाही. जिथे लाट लांब उलगडत यायची तिथे ती आता काठाशी येते आणि एकदम आपटते. बॉडीबोर्डवाल्यांना तशी लाट आवडते म्हणतात. मला या वयात आवडत नाही. मान मोडायची लाट आहे ती.

बाकी काही विशेष नाही.

तुमची पालथी वहिनी

(तुम्ही ठेवलेलं नाव आहे. तुम्ही दोघे उभ्याने लाट घेणारे आणि मी पोटावर, म्हणून. अजून कोणी म्हणत असेल तर ते फक्त मीच.)


२ मार्च

भावोजी,

मागच्या पत्रात हे बरे आहेत असं लिहिलं होतं. तसं नाहीये.

गेल्या वर्षभरात हे किती तरी वेळा घराकडे येताना वाट चुकले. शेड ते घर, मध्ये एक चहावाला आणि एक सायकलवाला, एवढीच वाट. सायकलवाला हाताला धरून आणून सोडतो आणि वर मलाच सांगतो, "सर गप्पा मारायला आले होते." फार सभ्य माणूस आहे. मी पण म्हणते, "हो का."

शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "काका, आज वार कोणता?" हे म्हणाले, "वाराचं काय घेऊन बसलात. आज भांग आहे, पाणी सुस्त. उधाणाला आठवडा आहे." बाई माझ्याकडे बघून हसल्या. मला क्षणभर वाटलं, पास झाले. कारण ते बरोबर होतं. भरती-ओहोटीचा फरक अगदी कमी असलेला दिवस होता तो, मी सकाळीच पाहिलं होतं.

मग त्यांनी तीन शब्द सांगितले. खुर्ची, किल्ली, बदक. थोड्या वेळाने परत विचारले. ह्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "तुम्ही मला काही सांगितलं होतं?"

फोटो काढले डोक्याचे. बाई म्हणाल्या, आयुष्यभर डोक्याला बसलेले मार आहेत, लहान लहान. बोर्ड डोक्यात बसणं, वाळूवर आपटणं. प्रत्येक वेळी माणूस उठतो, डोकं हलवतो, पुन्हा पाण्यात जातो. आत मात्र ते साचत जातं. मी विचारलं, "यातून माघारी?" त्या म्हणाल्या, "माघारी नाही. हळू जाईल की भराभर, एवढंच सांगता येत नाही."

बाहेर आलो तर हे माझा हात धरून म्हणतात, "तू घाबरू नकोस. काय झालंय तुला, ते बाई नीट सांगत का नाहीत?"

मी म्हटलं, "काही नाही, साधं आहे."

"मग चल," म्हणाले. आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला सांभाळून उतरवलं.

तुम्ही यावं म्हणून हे लिहीत नाही. तुमच्या भावाचं आहे, तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते.

वहिनी


२१ मार्च

भावोजी,

आज उधाण आहे आणि मी खूप थकले आहे. तरी लिहिते.

मी सर्फिंगची शिकवणी बंद केली होती. शेडवरची पाटीसुद्धा उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. पण काल सकाळी मी दळण आणायला गेले आणि तेवढ्यात एक मुलगी आली. परिचारिका होती, चार दिवसांच्या सुट्टीवर. आधी कधी तरी दोन-तीनदा सर्फिंग केलेलं. ह्यांनी तिला बोर्ड दिला, पायाला दोरी बांधली, उभं राहायचं शिकवलं. सगळं नीट. ती मला नंतर म्हणाली, "सर इतकं छान समजावत होते, मला शंकाच आली नाही."

मग ह्यांनी तिला काळ्या खडकाकडे पाठवलं.

तुम्हाला आठवतं ना, खडकाच्या उजवीकडे खोल पट्टा होता. लाट तिथे फुटायची नाही, चालत आत जावं तसं वल्हवत आत जायचं. आपण शेकडो माणसं तिथून आत नेली. ह्यांना ते स्वच्छ आठवतं. माझं नाव चार वेळा विचारतील, पण तो पट्टा हाताच्या रेषेसारखा पाठ. फक्त तो आता तिथे नाही. वाळू सरकल्यावर तिथे ओढ लागते, पाणी माणसाला आधी आत खेचतं, आणि वरून लाट खडकाच्या तोंडाशी कोसळते.

मी पिशवी घेऊन वाळूवर आले तेव्हा हे हात कमरेवर ठेवून उभे होते, शिकवताना उभे राहतात तसे. समोर मुलीचा बोर्ड उलटा, ती दिसत नव्हती. मग डोकं वर आलं. पुन्हा गेलं.

दळण तिथेच टाकलं. माझा बॉडीबोर्ड शेडच्या दाराशीच असतो. पायातले रबरी फिन्स घालायला वेळ लागतो म्हणून एकच घातला आणि गेले. ओढीला अडवलं नाही, तिच्याबरोबरच आत गेले, ते शहाणपण अजून शाबूत आहे. मुलीला गाठलं, बोर्डवर ओढून घेतलं. ती नुसती "सॉरी, सॉरी" म्हणत होती. मी म्हटलं, "नंतर म्हण. आता दोन्ही हातांनी धर." आडवं वल्हवत खडकापासून लांब आलो, आणि काठाकडे वळलो तोच मागून लाट आली. टाळता येण्यासारखी नव्हती. आम्हा दोघींना उचलून वाळूवर मारलं. तिच्या गळ्याचं हाड मोडलं. माझा खांदा नुसता सुजलाय.

आणि भावोजी, सगळा वेळ हे काठावरून ओरडत होते, "आता उठ. गुडघा नको, पाय आण. नजर वर." त्यांच्या मते शिकवणी चालली होती. लाट आम्हाला घेऊन पडली तेव्हा टाळ्या वाजवल्या. चांगला प्रयत्न म्हणून.

मी वर आले तर मला म्हणतात, "तू कपड्यांनिशी का भिजलीस?"

चहावाल्याने गाडी बोलावली. मुलीने कोणाकडे तक्रार केली नाही. उलट जाताना ह्यांना नमस्कार करून गेली, एका हाताने. मला ते बघवलं नाही.

शेडला कुलूप घातलंय. आज सकाळी हे कुलपासमोर उभे होते. ओढून पाहतात, थांबतात, पुन्हा ओढतात. राग नाही, शिवी नाही. थोड्या वेळाने मला म्हणाले, "धाकट्याकडे असेल किल्ली. तो येईपर्यंत थांबू." आणि वाळूवर बसले. ऊन चढलं तरी उठेनात. छत्री धरून मी शेजारी बसले.

मी तुम्हाला बोलावणार नव्हते. आज बोलावते. या.

वहिनी


९ एप्रिल

भावोजी,

उत्तर नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं, तो आता मला पाहिलं की आधीच मान हलवतो.

तुमचा राग कशावर आहे ते मी विसरले नाही. शेडमध्ये झालेलं बोलणं आहे, मी बोर्ड पुसत होते. तुम्ही म्हणालात, "दादा, इथे महिन्यातून चार दिवस धड लाट लागते. माणसं शिकणार कशी? तिथे बटण दाबलं की लाट."

हे म्हणाले, "मग बटण दाबत बस. समुद्राला तुझी गरज नाही."

तुम्ही म्हणालात, "समुद्राला तुझीही नाही, दादा."

एवढंच. दोघांचंही बरोबर होतं, आणि दोघांनीही ते बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही बॅग घेऊन निघालात आणि हे मुद्दाम पाण्यात राहिले, लाट नसताना. बस गेल्याचा आवाज आल्यावर बाहेर आले.

आता ऐका. त्यांना यातलं काहीही आठवत नाही. भांडण झालं हेच ठाऊक नाही. त्यांच्या हिशेबी तुम्ही कालपरवाच कुठे तरी गेलात आणि येताय. म्हणजे ते भांडण आता तुमच्या एकट्याकडे आहे, भावोजी. समोर भांडायला माणूसच नाही. ते जपून ठेवायचं असेल तर ठेवा.

पण आलात तर लवकर या. कारण अजून ते तुमची वाट बघतात. ती किती दिवस बघतील, याची मला खात्री नाही.

पाण्याचं लिहीत नाही आज. बघितलं नाही.

वहिनी


३० एप्रिल

भावोजी,

तुम्ही आलात आणि न सांगता गेलात त्याचा मला राग नाही, हे आधी लिहून टाकते. मी तुमच्यासाठी भात टाकला होता, तो आम्ही दोघांनी रात्री खाल्ला.

तुम्ही वाळूवर पालथे होतात म्हणून तुम्हाला दिसलं नसेल, पण मी दारातून सगळं बघत होते.

तुम्ही वाळूवरून बूट हातात घेऊन येत होतात. केस पिकलेत तुमचे. मी लांबूनच ओळखलं, चालण्यावरून. मला वाटलं, आता हेही ओळखून उठतील. ते उठलेच. हात पुढे करून म्हणाले, "या, या. पहिल्यांदाच का?"

मी आतून तुम्हाला खूण करत होते, पण तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता.

"पोहता येतं ना?" ह्यांनी विचारलं.

तुम्ही म्हणालात, "येतं थोडंफार."

"थोडंफार पुरतं. बाकी पाणी शिकवतं. बूट तिकडे ठेवा, भरती चढेल."

मग पायाच्या अंगठ्याने वाळूत बोर्डाचा आकार काढला आणि तुम्हाला त्यावर झोपवलं. भावोजी, त्यांनी तुम्हाला लहानपणी कसं शिकवलं ते तुम्हीच सांगायचात. बोर्डवरून ढकलून द्यायचे, रडलात तर आणखी लांब न्यायचे. त्या दिवशी तसं काही नव्हतं. तुमच्या खांद्याला हलकेच हात लावून म्हणाले, "छाती वर. असं. घाई नाही. लाट कुठे पळून जात नाही." तुम्ही उठायचात आणि मुद्दाम चुकायचात, ते माझ्या लक्षात आलं. एवढं जन्मभर केलेला माणूस गुडघ्यावर कशाला पडेल. तुम्ही चुकत होतात म्हणून ते पुन्हा समजावत होते, आणि ते समजावत राहावेत म्हणून तुम्ही चुकत होतात. मी दाराला धरून उभी होते. कितीदा झालं असेल ते मी मोजलं नाही.

शेवटी तुम्ही नीट उठलात. पाय बरोबर पडले, गुडघे वाकलेले, हात सैल. ह्यांनी तुमच्याकडे जरा निरखून पाहिलं. मला वाटलं, आता.

"जमेल तुम्हाला," ते म्हणाले. "माझा धाकटा भाऊ असाच उभा राहतो. येईलच तो इतक्यात, भेट घालून देतो."

तुम्ही "हो" म्हणालात. नळावर गेलात, पाय धुतलेत, बूट घातलेत. मी ताटं घ्यायला आत वळले आणि बाहेर आले तर तुम्ही रस्त्याला लागला होता.

संध्याकाळपर्यंत हे वाळूवर होते. तुमच्यासाठी काढलेला आकार भरतीने पुसला तर दुसरा काढला. मला विचारलं, "तो माणूस गेला का? धाकट्याला भेटवायचं होतं."

तुम्ही "दादा, मीच" असं का म्हणाला नाहीत, हे मी विचारणार नाही. मी रोज सांगते की मी कोण आहे. रोज ते खरंच आनंदाने ऐकतात, आणि रोज पहिल्यांदाच. त्यातून काही शिल्लक राहत नाही. म्हणाला असतात तरी दुसऱ्या दिवशी पुसलं गेलं असतं. फक्त तुमच्याकडे राहिलं असतं.

वहिनी


१४ जून

भावोजी,

आपण किनारा सोडला. म्हणजे मी सोडला, ह्यांना घेऊन.

तुम्ही आलात त्याच्या नंतरच्या महिन्यात मोठं पाणी आलं. दोन-तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी लाट, तीही चिखलाच्या रंगाची, वारा तिरपा, पाण्यात जायचं कोणाच्या मनातही येऊ नये असं. उरलेला दांडा त्यात गेला. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर काठापासून थेट खोल, लाट फुटायला वाळूच नाही. नुसती येते आणि धडकते. सर्फिंगच्या दृष्टीने तो किनारा आता संपला. शेडचा समुद्राकडचा खांबही सुटला. सायकलवाला आणि चहावाल्याने मिळून पत्रे काढून दिले. बोर्ड कोणी घ्यायला तयार नव्हतं, काही मोडके, काही जुने. ज्याला हवा त्याने न्यावा म्हणून रस्त्यावर लावून ठेवले. एकाने कुंपणाला वापरला.

पण आम्ही निघालो ते त्यामुळे नाही. ह्यांना समुद्राची भीती वाटायला लागली. एके सकाळी मला म्हणाले, "हा आवाज कसला आहे? बंद कर ना." मी म्हटलं, "समुद्र आहे तो." म्हणाले, "असू दे, पण बंद कर." कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसायचे. खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. समुद्र कुठे बंद होतो? जेवण सुटलं. मग माझ्या भाचीने ही खोली बघून दिली.

इथे पाणी नाही. खाली मोटारी दुरुस्त करणारा आहे, दिवसभर हातोडी चालते, तिचा ह्यांना काही त्रास नाही. समोर गिरणी, पलीकडे शाळा. पहिल्या रात्रीपासून शांत झोपतात. अंगही जरा धरलंय. सकाळी मीच उठते आणि वारा कुठून आहे ते बघायला खिडकीशी जाते, तर समोर भिंत. वारा कुठूनही असो, काही फरक पडत नाही. तरी रोज जाते.

तुमचं नाव आता काढत नाहीत. मी एकदा मुद्दाम "धाकटा" म्हटलं. मान हलवून म्हणाले, "हो, हो," आपण अनोळखी माणसाच्या बोलण्याला म्हणतो तसं. हे मी तुम्हाला लागावं म्हणून लिहीत नाही. वाट बघणंही संपलं, एवढं सांगायचं होतं. तुम्हाला आता कोणी बोलावत नाही. सुटलात.

काल घरमालकीणबाई वर आल्या होत्या, पाण्याच्या वेळा सांगायला. मी शेंगा निवडत होते. ह्यांनी उठून त्यांना खुर्ची दिली, अजून रीत सुटलेली नाही. मग जरा जवळ जाऊन, मला ऐकू येणार नाही अशा बेताने, पण मला ऐकू आलं, त्यांना म्हणाले, "या बाई फार चांगल्या आहेत. सगळं करतात माझं. त्यांना बहुतेक कोणी नाही. मी गेलो तर यांना काढू नका इथून."

मालकीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं असेल मी हसेन किंवा समजावून सांगेन.

मी म्हटलं, "बरोबर आहे ते म्हणतात ते." आणि शेंगा निवडत राहिले.

वहिनी